पिण्याचं सलाईन आणि तांदळाचा हिशेब

ताई, तुमचं पत्र पलूसहून आलंय आणि त्यात एका प्रश्नात चार प्रश्न आहेत. दीर जपानात नागोयाला नोकरीला असतात. सुट्टीवर येताना त्यांनी ‘आमाझाके’ नावाच्या पेयाची सहा पाकिटं आणली. तांदळाचं, गोड, दाटसर, पांढरं. पाकिटावर ‘साखर घातलेली नाही’ असं छापलंय, आणि तिकडचे लोक त्याला ‘पिण्याचं सलाईन’ म्हणतात असं दिरांनी सांगितलं. सासूबाई ६७ वर्षांच्या आहेत, मधुमेहाच्या गोळ्या चालू आहेत आणि हल्ली त्यांना सारखा थकवा येतो. तीन वर्षांचा मुलगा दुधाला तोंड लावत नाही. या दोघांना रोज एकेक कप दिला तर चालेल का? सासूबाई माळकरी आहेत, तर यात दारूचा अंश नाही ना? आणि चांगलं असेल तर घरच्या इंद्रायणी तांदळाचं करता येईल का?

आधी उत्तरं देते, मग कारणं. सासूबाईंना रोज देऊ नका. मुलाला दुधाच्या जागी तर अजिबात देऊ नका. दारूच्या अंशाचं म्हणाल, तर ते पाकिटावरचं लेबल बघून ठरेल. घरी करता येतं, पण विरजण बाहेरून आणायचं, घरी बुरशी धरायची नाही. एवढ्यावर तुमचं भागत असेल तर पुढं नाही वाचलं तरी चालेल. पण मिरजेत बावीस वर्षं आहार सांगण्याचं काम करताना एक कळलंय, की नुसतं ‘नको’ म्हटलं की माणूस दवाखान्याच्या पायऱ्या उतरेपर्यंत ते विसरतो. कारण समजलं तर ते घरापर्यंत जातं.

‘सलाईन’ या शब्दापासूनच सुरुवात करू, कारण आपल्या भागात त्या शब्दाला देवाएवढा मान आहे. म्हातारी माणसं दवाखान्यात येतात ती हात पुढं करूनच. “डॉक्टर, दोन बाटल्या लावा, ताकद येऊंदे.” आता त्या बाटलीत असतं काय? एक प्रकार नुसत्या मिठाच्या पाण्याचा. अर्ध्या लिटरच्या बाटलीत साडेचार ग्रॅम मीठ आणि बाकी सगळं पाणी. त्यात उष्मांक शून्य. दुसरा प्रकार ग्लुकोजचा. ५ टक्क्यांची अर्ध्या लिटरची बाटली म्हणजे २५ ग्रॅम ग्लुकोज. एका ज्वारीच्या भाकरीत याहून जास्त ऊर्जा असते आणि भाकरीला सुई टोचावी लागत नाही.

आता आमाझाके. जपानच्या सरकारी अन्नघटक तक्त्यात १०० ग्रॅम आमाझाकेचे आकडे असे दिलेत: पाणी जवळजवळ ८० ग्रॅम, कर्बोदकं १८ ग्रॅमच्या आसपास, प्रथिनं १.७ ग्रॅम, स्निग्ध ०.१ ग्रॅम, तंतू ०.४ ग्रॅम, कॅल्शियम ३ मिलिग्रॅम, लोह ०.१ मिलिग्रॅम, उष्मांक ७६. चहाचा मोठा कप १५० मिलिलिटरचा धरला तर कर्बोदकं झाली २७ ग्रॅम, आणि त्यातला मोठा भाग सुट्या ग्लुकोजचा. म्हणजे एक कप आमाझाके आणि ग्लुकोजची एक बाटली यांचं वजन तराजूत जवळपास सारखंच भरतं. जपान्यांनी दिलेलं नाव खोटं नाही. उलट जरा जास्तच खरं आहे. आणि मधुमेहाच्या माणसाला ग्लुकोजची बाटली लावायची म्हटली की कुठलाही डॉक्टर दोनदा विचार करतो, बऱ्याचदा नुसत्या मिठाच्या पाण्यावर भागवतो. तोच विचार इथं कपापाशी करायचाय.

मग ‘साखर घातलेली नाही’ हे खोटं छापलंय का? नाही, तेही खरं आहे. घातलेली नाही, तयार झालेली आहे. घरी करून बघा. साध्या भाताचा एक घास तोंडात घ्या आणि गिळू नका, चावत राहा. मिनिटभरात तो गोडसर लागायला लागेल. लाळेतलं एक विकर (एन्झाइम) भातातल्या पिष्टाचे तुकडे करायला लागतं म्हणून. पिष्ट म्हणजे ग्लुकोजच्या मण्यांची लांबलचक माळ. अख्ख्या माळेला चव नाही, ती तुटून मणी सुटे झाले की गोड लागतात. जपानी लोक हेच काम कोजीकडून करून घेतात. कोजी म्हणजे वाफवलेल्या तांदळावर मुद्दाम वाढवलेली एक विशिष्ट बुरशी, अस्परजिलस ओरायझी. तिच्यात ही विकरं भरपूर असतात. शिजलेला भात, कोजी आणि पाणी एकत्र करून ५५ ते ६० अंश सेल्सिअसला सहा-आठ तास ठेवलं की भात विरघळतो आणि मिश्रण गोड होतं. वरून साखरेचा कणही पडत नाही.

म्हणून मी पेशंटना एकच हिशेब सांगते, आणि तुमच्या बहुतेक प्रश्नांचं उत्तर त्यातच आहे. भांड्यात जेवढा तांदूळ गेला तेवढा भांड्यातच आहे. १०० ग्रॅम पांढऱ्या तांदळात ७८ ग्रॅम कर्बोदकं असतात. तो शिजवा, कोजी घाला, बाटलीत भरा, ती कुठं जात नाहीत. उलट पिष्ट तुटताना प्रत्येक तुकड्याला पाण्याचा एक रेणू चिकटतो, त्यामुळं ९० ग्रॅम पिष्टाचं १०० ग्रॅम ग्लुकोज होतं. बदल होतो तो एकच, भात शरीराला हळूहळू तोडावा लागतो आणि इथं तोडायचं काम आधीच झालेलं असतं. पोटात गेलं की थेट रक्तात. मधुमेहाच्या गोळ्या घेणाऱ्याला हे वरदान नाही.

यात जीभही फसते. ग्लुकोज आपल्या साखरेपेक्षा कमी गोड असतं, साधारण पाऊणपट. त्यामुळं आमाझाके पिताना “काही फार गोड नाही हो” असं वाटतं, आणि मोजायला गेलं तर आकडा मोठा निघतो. आपल्याकडं हीच गंमत उसाच्या रसाची होते. आमच्याकडं येणारे वाळवा-पलूसचे शेतकरी साखर सोडून दोन वर्षं झाली म्हणून अभिमानानं सांगतात आणि रसवंतीवर रोज थांबतात. “घरचाच ऊस हाय मॅडम, त्यात साखर कुठली?” कारखान्याच्या चिमणीकडं बोट दाखवून मी विचारते, मग तिथं पोत्यात काय भरतात? रसात १०० मिलिलिटरला १२ ते १५ ग्रॅम साखर सहज असते. आमाझाके त्याच पंगतीत बसतं. फरक एवढाच, की रसातली साखर अर्धी ग्लुकोज आणि अर्धी फ्रुक्टोजमधून जोडलेली असते, तर यातली बहुतेक सगळी ग्लुकोज, म्हणून रक्तात जास्त वेगानं दिसते.

‘ब जीवनसत्त्वांनी भरपूर’ असंही लिहिलेलं तुम्हाला सापडेल, सलाईन हे नाव पडायला तेही एक कारण आहे. बुरशी वाढताना थोडी ब जीवनसत्त्वं तयार करते, हे बरोबर. पण तक्त्यात ब१ चा आकडा १०० ग्रॅमला ०.०१ मिलिग्रॅम आहे. मोठ्या माणसाची रोजची गरज मिलिग्रॅमच्या वर आहे. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०१७ च्या तक्त्यांप्रमाणे ज्वारीत १०० ग्रॅमला ०.३५ मिलिग्रॅम ब१ असतं. पन्नास ग्रॅम पिठाच्या एका भाकरीला जेवढं मिळेल तेवढ्यासाठी आमाझाकेचे दहा-बारा कप लागतील. शिवाय त्या भाकरीत पाच ग्रॅम प्रथिनं आणि पाच ग्रॅम तंतू. ‘जिवंत विकरं’ म्हणतात त्याचंही तसंच. दुकानातलं पाकीट टिकावं म्हणून गरम केलेलं असतं, त्यात जिवंत फार काही उरत नाही. आणि विकर म्हणजे शेवटी एक प्रथिन. जठरातल्या आम्लापुढं ते डाळीतल्या प्रथिनासारखंच वागतं.

आता सासूबाईंकडं येते, कारण मला पेयापेक्षा त्यांचा थकवा महत्त्वाचा वाटतो. तुम्ही त्याला ‘अशक्तपणा’ म्हटलंय आणि अशक्तपणा म्हटलं की घरात पहिली धाव काहीतरी गोड पाजण्याकडं असते. पण मधुमेहात थकव्याचं पहिलं कारण साखर वाढलेली असणं हेच असतं. रक्तात साखर भरपूर, पण पेशींपर्यंत पोचत नाही. गोदाम भरलेलं आणि दुकान रिकामं. अशा वेळी आमाझाके म्हणजे गोदामात आणखी एक पोतं. म्हणून आधी गेल्या तीन महिन्यांची सरासरी दाखवणारी एचबीए१सी तपासणी करून घ्या.

दुसरं, आणि हे माळकरी घरात मी कधीच विसरत नाही. सासूबाईंच्या गोळ्यांमध्ये मेटफॉर्मिन आहे का बघा, बहुतेक असेलच. ती गोळी बरीच वर्षं घेतली की ब१२ जीवनसत्त्व शोषलं जाणं कमी होतं. त्यात माळ घातलेली, म्हणजे मांस-मासे-अंडी नाहीत. ब१२ फक्त दूधदुभत्यातून येणार, आणि ‘दुधानं कफ होतो’ म्हणून बऱ्याच जणींनी तेही सोडलेलं असतं. पायांना मुंग्या येतात का, तळव्यांची आग होते का, चालताना तोल जातो का, विचारा. ब१२, हिमोग्लोबिन, थायरॉइड आणि क्रिएटिनिन एकदा तपासा. गोळी मात्र स्वतः बंद करू नका, डॉक्टरांना विचारा. आमाझाकेत ब१२ नाही. ताकात थोडं आहे, दह्यात आहे.

चव तर बघायचीच असेल, दिरांनी हौसेनं आणलंय, त्यांचंही मन राखायला हवं, तर जेवताना अर्धा कप, म्हणजे ७५ मिलिलिटरपर्यंत, आणि त्या दिवशी एक पातळ चपाती कमी. तीस ग्रॅम पिठाच्या चपातीत १९ ग्रॅम कर्बोदकं असतात, अर्ध्या कपात साडेतेरा-चौदा. उपाशीपोटी सकाळी नको. आणि एक काळजी घ्या. काही पाकिटं पाणी घालून दुप्पट करायची असतात. ती तशीच कपात ओतली तर मी दिलेले सगळे आकडे दुप्पट होतील. १०० ग्रॅमला किती उष्मांक लिहिलेत ते बघा. ७५-८०च्या आसपास असतील तर सरळ प्यायचं, दीडशेच्या पुढं असतील तर दाट.

साखर एकदम उतरली, घाम फुटला, हातपाय थरथरायला लागले तर हेच पेय उपयोगी पडेल का, असं कुणी विचारेल. पडेल. तेव्हा १५ ग्रॅम झटपट साखर लागते, ८०-९० मिलिलिटरमध्ये ती मिळते. पण त्या घाईत फ्रिजमधलं जपानी पाकीट कात्रीनं कापत बसण्यापेक्षा तीन चमचे ग्लुकोज पावडर पाण्यात ढवळून देणं सोपं, आणि ती डबी पाच-पन्नास रुपयांत गावातल्या मेडिकलमध्ये मिळते.

दारूचं. ‘आमाझाके’ या शब्दात ‘झाके’ आहे, म्हणजे साकेच, आणि साके ही तांदळाची दारू. अर्थ ‘गोड दारू’ असा होतो, त्यामुळं शंका रास्त आहे. पण याचे दोन प्रकार आहेत. एक वर सांगितला तो, तांदूळ आणि कोजीचा. त्यात यीस्ट नसतं, दारू तयार होत नाही. दुसरा साके गाळून राहिलेल्या चोथ्यात पाणी आणि साखर घालून करतात. त्यात थोडं अल्कोहोल राहतं. एक टक्क्याच्या आत असेल तर जपानच्या कायद्यानं त्याला दारू म्हणत नाहीत, पण माळेचा नेम कायद्याच्या टक्क्यांवर चालत नाही. दिरांना फोनवर घटकांची यादी वाचायला सांगा. ‘राइस कोजी’ आणि ‘राइस’ एवढंच असेल तर सासूबाईंच्या नेमाला धक्का नाही. ‘साके लीज’ किंवा ‘साकेकासु’ असेल तर ते पाकीट बाजूला ठेवा. त्या दुसऱ्या प्रकारात बहुतेक वेळा साखरही घातलेली असते. तुमच्या पाकिटावर साखर नाही असं म्हटलंय, त्यावरून ते पहिल्या प्रकाराचं असावं, पण वाचून खात्री करा.

मुलाचं उत्तर मी इतकं ठामपणे ‘नको’ का दिलं? दीडशे मिलिलिटर गाईच्या दुधात पाच ग्रॅमच्या आसपास प्रथिनं आणि पावणेदोनशे मिलिग्रॅम कॅल्शियम असतं. तेवढ्याच आमाझाकेत अडीच ग्रॅम प्रथिनं आणि कॅल्शियम चार-पाच मिलिग्रॅम. रंग पांढरा आहे म्हणून ते दूध होत नाही. हे मी घाबरवायला सांगत नाही, पण दुधाऐवजी तांदळाच्या पेयावर वाढवलेल्या लहान मुलाला प्रथिनांच्या कमतरतेनं सूज आल्याची नोंद अमेरिकेतल्या डॉक्टरांनी २००१ मध्ये प्रसिद्ध केली होती. घर सुशिक्षित होतं, पेय महागाचं होतं, ‘आरोग्यदायी’ म्हणून विकलं जात होतं. शिवाय तांदूळ पाणी साचलेल्या शेतात वाढतो आणि मातीतलं आर्सेनिक इतर धान्यांपेक्षा जास्त ओढून घेतो. म्हणून ब्रिटनमध्ये पाच वर्षांखालच्या मुलांना दुधाऐवजी तांदळाचं पेय देऊ नका असाच सल्ला आहे. आपण भात खातो तो थोडा, आणि इतर पदार्थांबरोबर. पण तीन वर्षांचं पोर दिवसाला दोन-तीन कप पिऊ लागलं तर त्याच्या वजनाच्या मानानं ते जास्त होतं.

जुलाब होत असतील तर आमाझाके मुळीच देऊ नका, ‘सलाईन’ हे नाव ऐकून कुणी तेही करेल म्हणून लिहिते. जलसंजीवनीच्या (ओआरएसच्या) एका लिटरमध्ये १३.५ ग्रॅम ग्लुकोज असतं, ते मोजूनमापून ठरवलेलं आहे. आमाझाके त्याच्या दहापटीहून गोड. इतकं गोड पाणी आतड्यात गेलं की ते शरीरातलंच पाणी आत ओढतं आणि जुलाब वाढतात. तेव्हा पाकिटातली जलसंजीवनी, आणि सोबत मीठ घातलेली तांदळाची पातळ पेज. पेजेतलं पिष्ट तुटलेलं नसतं, म्हणून ती पाणी ओढत नाही. पटकीच्या रुग्णांना तांदळाच्या पिठाची जलसंजीवनी देऊन त्याचा चांगला उपयोग झालाय. आपल्या आज्ज्या जुलाबात पेज देत होत्या ते बरोबर होतं, तिच्यात गूळ न घालता मीठ घालत होत्या तेही बरोबर.

तरी आमाझाकेतली जी युक्ती आहे, पिष्ट विकरानं तोडण्याची, ती तुमच्या मुलाच्या फार कामाची आहे. आणि त्यासाठी जपानला जायची गरज नाही. लहान मुलाची अडचण अशी असते की दाट खीर त्याला गिळवत नाही, आणि पातळ केली तर त्यात पाणीच जास्त, वाटीभर पिऊनही पोट भरतं पण अंगी काही लागत नाही. मोड आलेल्या धान्यातही तेच विकर असतं. चांगली दाट शिजलेली खीर किंचित निवू द्यायची, बोट जेमतेम सोसेल इतपत, आणि त्यात मोड आणलेल्या नाचणीचं एक लहान चमचा पीठ घालून ढवळायचं. पाच-सात मिनिटांत तुमच्या डोळ्यांदेखत ती सैल पडते. पाणी न घालता पातळ! मी पहिल्यांदा हे अंगणवाडीच्या प्रशिक्षणात करून दाखवलं तेव्हा मागच्या बाकावरच्या बायका उठून पातेल्यात डोकवायला आल्या होत्या. बडोद्याच्या सयाजीराव विद्यापीठात तारा गोपालदास यांनी या मोडाच्या पिठावर बरंच काम केलंय. मग ती खीर पुन्हा एक उकळी येईपर्यंत तापवायची, कारण मोडाचं पीठ कच्चं असतं आणि मोड आणताना त्यात जंतूही वाढलेले असतात.

इथं बहुतेक जणी एक चूक करतात. बाजारातलं किंवा घरचं नाचणीसत्त्व वापरतात आणि मग मला सांगतात, “मॅडम, काहीच झालं नाही.” ते होणार नाही, कारण नाचणीसत्त्व खमंग भाजलेलं असतं आणि भाजलं की विकर मरतं. या कामाला नाचणी रात्रभर भिजवून, फडक्यात बांधून दीड-दोन दिवस मोड आणायचे, उन्हात कडकडीत वाळवायची, मोड चोळून काढायचे आणि तशीच दळायची. भाजायची नाही. ज्वारीला मोड आणून हे करू नका. कोवळ्या ज्वारीच्या कोंबात विषारी द्रव्य असतं, तुमच्या घरी जनावरं असतील तर मालकांना ते ठाऊक असेल.

खीर कशाची? तांदूळ तीन भाग, मूगडाळ एक भाग, वेगवेगळे भाजून दळलेले. तीन चमचे पीठ, शिजताना चमचाभर शेंगदाण्याचं कूट, तूप, आणि चवीपुरता गूळ. दूध नुसतं पीत नसेल तर या खिरीत पाणी कमी आणि दूध जास्त घाला, त्याला पत्ताही लागणार नाही. दही-भात खातो का? ताक पितो का? खात-पीत असेल तर ‘दूध पीत नाही’ याची एवढी चिंता करू नका. दुधाचा ग्लास हा देव नाही.

आपल्या पितृपक्षातल्या तांदळाच्या खिरीचाही एकदा हिशेब मांडून बघा. एक लिटर म्हशीचं दूध, ५० ग्रॅम तांदूळ आणि नेहमीच्या निम्मी, म्हणजे ७५ ग्रॅम साखर. सहा वाट्या होतात. एका वाटीत कर्बोदकं २७ ग्रॅमच्या आसपास. बरोब्बर एक कप आमाझाकेएवढी. पण प्रथिनं सात ग्रॅम आणि कॅल्शियम दोनशे मिलिग्रॅम. फॅटही अकरा ग्रॅम, त्यामुळं उष्मांक दुप्पट, हेही खरं. वाढत्या पोराला ते चालतं, सासूबाईंना नाही. पण सहा पाकिटांच्या किमतीत किती लिटर दूध येईल ते दिरांना विचारू नका, उगाच वाईट वाटेल.

सासूबाईंना दुपारी काहीतरी प्यायला हवं असेल तर नाचणीची आंबील द्या. वीस ग्रॅम पिठाची, वाटीभर ताक, जिरं, मीठ. नाचणीच्या पिठातून १३ ग्रॅम कर्बोदकं, सत्तरच्या वर मिलिग्रॅम कॅल्शियम, दोन ग्रॅम तंतू, आणि ताकाचं वेगळंच. आंबील आणि आमाझाके एका अर्थानं चुलतबहिणी. दोन्ही धान्याच्या, दोन्ही रात्रीत तयार होणाऱ्या, दोन्ही उन्हाळ्याच्या. हो, जपानमध्येही जुन्या काळी आमाझाके उन्हाळ्यातच विकत, उकाड्यानं माणूस गळून जातो तेव्हा ते पीत. फरक असा की आंबिलीत जिवाणू साखर खाऊन आम्ल करतात म्हणून ती आंबट, तर आमाझाकेत बुरशीची विकरं पिष्टाची साखर करून थांबतात म्हणून ते गोड. कोरियातलं सिक्ये जवळपास याच वाटेनं जातं, फक्त कोजीऐवजी मोड आलेल्या जवाचं पाणी वापरतात. मेक्सिकोतल्या ओरचातात तर तांदूळ भिजवून वाटतात आणि साखर-दालचिनी घालतात. त्यात सरळ सरळ साखर, बोलण्यासारखं फार काही नाही.

आता इंद्रायणी. मावळातल्या वडगावच्या कृषी संशोधन केंद्रानं १९८७ मध्ये दिलेला हा तांदूळ, आंबेमोहोराची लेक. शिजल्यावर चिकट होतो, आमाझाकेला छान चालेल. पण कोजी तयार, सुकवलेली, खात्रीच्या ठिकाणची विकत घ्या. भातावर आपोआप बुरशी येऊ द्यायची आणि तिला कोजी म्हणायचं, हे चुकूनही नको. कोजीच्या बुरशीची सख्खी जातबहीण अस्परजिलस फ्लेवस. दिसायला तशीच हिरवट-पिवळसर, आणि ती अफ्लाटॉक्सिन करते. यकृताचा कर्करोग ज्यानं होतो तेच विष. ओलसर राहिलेल्या शेंगदाण्यावर, मक्यावर ती आपल्या भागात सहज येते. शतकानुशतकं माणसाळवलेल्या कोजीत हे विष तयार होत नाही. पण डोळ्यांनी पाहून दोघींत फरक करता येत नाही, मलाही येणार नाही.

प्रमाण सांगायचं तर १५० ग्रॅम तांदळाचा मऊ भात, तेवढीच सुकी कोजी आणि भात शिजवायला घेतलेलं धरून लिटरभर पाणी, एवढ्याचं तुमच्या पाकिटासारखंच, १८ ते २० टक्के गोडीचं आमाझाके होईल. कोजीही तांदूळच, ती हिशेबात धरायला विसरू नका. तापमान सांभाळणं हीच यातली खरी कसरत. ७० अंशांच्या वर गेलं की विकर मरतं आणि हातात खळ उरते. ५०च्या खाली बराच वेळ राहिलं की आंबतं. मी हौसेनं पहिल्यांदा केलं त्या रात्री मिरजेत तीन तास लाईट गेली. सकाळी झाकण उघडलं तर वास थेट आंबिलीचा. माझ्या आईनं त्यात मीठ आणि मिरचीचा ठेचा घातला आणि “चांगलं झालंय की” म्हणत पिऊन टाकलं.

तुमच्या सहा पाकिटांना घरात खरा गिऱ्हाईक असेल तर तो तालमीत जाणारा पोरगा. व्यायामाआधी अर्धा-पाऊण तास एक कप, त्याचं स्नायूंना सोनं होईल. नंतर मात्र बदाम-दुधाची थंडाईच. ती प्रथिनं आमाझाकेत नाहीत. नाहीतर घरात कुणी आजारातून उठलेलं, तोंड आलेलं, घास न गिळवणारं, साखरेचा त्रास नसलेलं असेल तर त्यांना थोडं थोडं द्या, सोबत दूध किंवा डाळीचं पाणी. फोडलेलं पाकीट फ्रिजमध्ये ठेवून दोन-तीन दिवसांत संपवा.

आणि सासूबाईंचे रिपोर्ट आले की ब१२ आणि एचबीए१सी हे दोन आकडे, गोळ्यांची नावं आणि दिवसभरात त्या काय काय खातात-पितात ते एका कागदावर लिहून पाठवा. चहा किती वेळा, त्यात साखर किती चमचे, तेसुद्धा. तो त्यांना विचारू नका, चहा करणाऱ्याला विचारा.